दयाधर्म आणि समाजकार्य



जुबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं देवाचे उपकार आठवतांना शेजाऱ्याचें दुःख विसरूं नये, हें आपण सर्व जाणतोंच. म्हणून दुःखितांस साह्य करण्याच्या कामाला शास्त्राचें व पेशाचें रूप कसें आलें, ह्याचा थोडक्यांत इतिहास येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १६१७ ची गोष्ट. फ्रान्स देशांतील शातियों गांवीं संत विन्सेंट डी पॉल हे धर्मगुरु होते. गांवाबाहेरील एक कुटुंब आजारानें निराधार झाल्याचें त्यांनीं प्रवचनांत सांगतांच लोकांनीं त्या घरीं अन्नाची रास लोटली. पण आज उरेल तें नासेल आणि उद्यां तें घर पुन्हा उपाशी राहील, हें संतांच्या ध्यानांत आलें. दयेला तोटा नव्हता. तोटा होता तो व्यवस्थेचा. त्यांनीं त्याच वर्षीं तेथील स्त्रियांचा संघ स्थापून पाळीपाळीनें सेवा नेमून दिली. पुढें १६३३ सालीं संत लुईज द मारियाक यांच्या साह्यानें त्यांनीं धर्मभगिनींचा संघ काढिला. ह्याच लुईज यांस १९६० सालीं पोप तेविसावे योहान यांनीं समाजसेवकांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केलें.

कारखान्यांची शहरें वाढलीं, तसें दारिद्र्यही वाढलें. १८८९ सालीं जेन अ‍ॅडम्स ह्या बाई शिकागो शहरांतील गरीब वस्तींतच जाऊन राहिल्या. १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें अशा सेवकांकरितां शिक्षणवर्ग निघाला.

आपल्या इकडेही हें बीज लवकर रुजलें, आणि तें पेरणारा पुरुष आपल्याच जिल्ह्यांतला होता. तेव्हांच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील गोरेगांवीं १८७९ सालीं जन्मलेले नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणी-कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. १९३६ सालीं अमेरिकन मिशनरी डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानें नागपाड्यास समाजकार्याची देशांतील पहिली शिक्षणसंस्था निघाली. तीच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९५५ सालीं कॅथोलिक धर्मभगिनींनीं मुंबईंतच निर्मला निकेतन महाविद्यालय सुरू केलें.

ह्या शिक्षणाचें मर्म काय? येशूसंघीय फादर फेलिक्स बिएस्टेक यांनीं १९५७ सालीं आपल्या ग्रंथांत सात तत्त्वें मांडिलीं. प्रत्येक माणूस वेगळा मानावा, त्याला आहे तसा स्वीकारावा, त्याचा न्यायनिवाडा करूं नये, त्याचा निर्णय त्यालाच घेऊं द्यावा, त्याचें गुपित राखावें, हीं त्यांतील पांच. कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूस हीं परकीं वाटणार नाहींत.

हें लिहितांना आमचाच एक दोष आठवतो. एके पावसाळ्यांत निडीच्या आसपासच्या एका कातकरी वाडीवर आम्हीं तांदूळ व घोंगड्या वांटल्या आणि समाधानानें परतलों. दिवाळीनंतर पुन्हा गेलों, तों निम्मी वाडी ओस पडलेली. उचल घेऊन माणसें मुलाबाळांसकट वीटभट्टीवर गेलीं होतीं. उचल किती, ती फिटणार केव्हां, मुलांच्या शाळेचें काय, जातीचे दाखले आहेत कीं नाहींत, ह्यांतलें आम्हीं कांहींच विचारलें नव्हतें. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे, हेंही त्यांना सांगितलें नव्हतें. मागें राहिलेल्या एका म्हातारीनें आमची विचारपूस केली. आम्हांस मात्र तिचें नांवही ठाऊक नव्हतें.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण वारंवार ऐकतों. त्यानें जखमा बांधल्या एवढेंच आपल्या लक्षांत राहतें. परंतु त्यानें त्या माणसास उतारशाळेंत नेलें, खर्चाची तजवीज केली आणि परत येण्याचें वचन दिलें. दान देऊन घरीं येणें सोपें आहे. परत जाणें कठीण. समाजकार्याचें सगळें शास्त्र त्या परत जाण्यांत आहे. आपल्या तरुणांपैकीं कोणी हा पेशा पत्करील, तर त्यास पाठबळ द्यावें; आणि बाकीच्यांनीं, आमच्यासकट, देण्यापूर्वीं विचारण्यास शिकावें, हीच ह्या जुबिलीच्या दिवशीं आमची प्रार्थना.