परांजपे, सई
(१९ मार्च १९३८). मराठी लेखिका, नाटककार व चित्रपट-दिग्दर्शिका. आई शकुंतला परांजपे, वडील रशियन चित्रकार यूरा स्लेप्टझॉफ. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे सईंच्या बालपणाचा काही काळ कॅनबेरात गेला. आठव्या वर्षीच त्यांचे पहिले पुस्तक छापून आले.

आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दूरदर्शन अशी वाटचाल करून त्यांनी 'स्पर्श' (१९८०) हा चित्रपट केला. मात्र त्यांचे नाव घराघरांत पोचले ते 'चश्मेबद्दूर'मुळे (१९८१). दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीत तीन मित्र. दारावर 'चमको' पावडर विकायला आलेली नेहा बादलीत फेस करून दाखवते आणि अभ्यासू सिद्धार्थ तिथेच गारद होतो. बाकीचे दोघे तिच्याविषयी ज्या थापा मारतात, त्यांतून हिंदी सिनेमातल्या प्रेमगीतांची सईंनी यथेच्छ टर उडवली आहे.

सं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावरचा 'कथा' (१९८३) मुंबईच्या चाळीत घडतो. 'चश्मेबद्दूर'मध्ये भाबडा सिद्धार्थ साकारणारा फारूख शेख इथे लफंगा बाशू होतो, निवड धाडसीच! २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 'सय' हे त्यांचे आत्मकथन.