अवस्थाविरहित रचना : आठवण सर्व्हरकडे नको, मग कोठे?

अनेक संगणकांवर विभागून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी आणि आधीच्या विनंतीची आठवण सर्व्हरने स्वतःजवळ ठेवू नये, या तत्त्वास अवस्थाविरहित रचना म्हणतात. वापरकर्ता कोण, त्याचे काम कुठवर आले, ही माहिती म्हणजे ‘अवस्था’.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले मराठी भाषकांचे तालुके. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. अशा बदलात एखाद्याचे प्रकरण केवळ जुन्या लिपिकाच्या स्मरणात असेल, तर नव्या कार्यालयात ते अडते. सर्व कागद अर्जासोबत असतील, तर कोणतीही खिडकी चालते. सर्व्हरचेही तसेच आहे.

समजा, सौंसरचा शेतकरी खसऱ्याची, म्हणजे आपल्याकडील एक-चौदाच्या उताऱ्यासारख्या नोंदीची, प्रत ऑनलाइन मागतो. सेवेमागे पाच सर्व्हर आहेत. त्याच्या लॉगिनची नोंद पहिल्याच्याच स्मृतीत असेल, तर तो बंद पडताच पुन्हा लॉगिन करावे लागते. अवस्थाविरहित रचनेत त्याच्या प्रत्येक विनंतीसोबत डिजिटल स्वाक्षरी असलेले टोकन जाते. ती स्वाक्षरी पाचांपैकी कोणताही सर्व्हर पडताळू शकतो. गर्दी वाढली की सहावा सर्व्हर जोडता येतो.

वेबचा एचटीटीपी हा संकेत मुळातच अवस्थाविरहित आहे. रॉय फील्डिंग यांनी २००० मधील आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ शैली मांडताना ही अट स्पष्टपणे घातली. अशा टोकनांचा ‘जेसन वेब टोकन’ हा नमुना २०१५ मध्ये प्रमाणित झाला.

मात्र अवस्था नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. जमिनीची नोंद सामायिक डेटाबेसमध्येच राहते. टोकन चोरीस गेले, तर मुदत संपेपर्यंत त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून मुदत अल्प ठेवतात. शुल्क भरताना नेटवर्क तुटून तीच विनंती पुन्हा गेली, तर पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका असतो. त्यासाठी प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक देऊन तो डेटाबेसमध्ये नोंदवतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवा व्यवहार होत नाही. कोणती आठवण टोकनात आणि कोणती डेटाबेसमध्ये ठेवायची, हे रचनाकाराने आरंभीच ठरवावे लागते.