जमीन म्हणजे शून्य?

हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याच्या एका बारावीच्या विद्यार्थ्याबरोबर आम्ही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा संच जोडत होतो. सारे भाग आराखड्याप्रमाणे जागच्या जागी होते, डागही चकचकीत बसले होते. पण चालू करताच स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. "सर, अर्थच्या सगळ्या तारा चॅसीलाच जोडल्यात. चॅसी म्हणजे शून्यच ना?" त्याने विचारले. त्याचा हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे.

१८३८ साली जर्मनीत स्टाइनहाइल यांना आढळले, की तारायंत्राला एकच तार पुरते. वीज परत आणण्याचे काम जमीन करते. निम्मी तार वाचली! जगभर मैलोगणती एकेरी तारा टाकल्या गेल्या. जमीन म्हणजे कितीही वीज ओतली तरी पातळी न बदलणारा अथांग हौद, अशी समजूत रुजली.

तिला धक्का दिला टेलिफोनने. मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झाले १८८२ साली. त्या काळी अनेक देशांत टेलिफोनही एकेरी तारेवर चालत. शेजारच्या तारायंत्राची वीज आणि पुढे विजेच्या ट्रामची वीज त्याच जमिनीतून परतू लागली, तेव्हा टेलिफोनमध्ये खरखर ऐकू येऊ लागली. कारण ओहमच्या नियमातच होते. जमिनीलाही रोध असतो. तिच्यातून प्रवाह वाहिला, की दोन ठिकाणच्या विभवांत फरक पडणारच. उपाय निघाला तो असा : प्रत्येक टेलिफोनला परतीची स्वतंत्र तार द्यायची.

१९०४ साली फ्लेमिंग यांनी आणि १९०६ साली डी फॉरेस्ट यांनी निर्वात नळ्या बनवल्या. त्यांतून अ‍ॅम्प्लिफायर घडला. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या सभांमधून मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिक्षेपक हजारोंपर्यंत भाषणे पोचवत. मायक्रोफोनकडून येणारा संकेत असतो काही मिलिव्होल्टचा. त्यामुळे जमिनीचा जुना प्रश्न आता एका पत्र्याच्या पेटीत येऊन बसला.

आमचीही चूक तीच होती. ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब वेटोळ्याची मधली तार आम्ही जवळच चॅसीला डाग देऊन जोडली होती. पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक दुसऱ्या कोपऱ्यात. हा कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा झटक्याने भरतो. झटका अर्धा अँपिअरचा आणि वाटेतला रोध ०.०१ ओहम धरला, तरी ५ मिलिव्होल्ट होतात. म्हणजे जवळजवळ मायक्रोफोनच्या संकेताएवढेच! तेही तितकेच वाढवले जातात.

आम्ही मधली तार थेट कपॅसिटरच्या ऋण टोकाला नेली, बाकीच्या परतीच्या तारा क्रमाने एकत्र आणल्या आणि चॅसीला एकाच ठिकाणी जोडल्या. टोकावरचे इनॅमल खरवडून नवे डाग दिले. ६.३ व्होल्टच्या तारांना एकमेकींभोवती पीळ घातला. आवाज जवळजवळ थांबला.

त्याआधी त्या मुलाला कुणीतरी सोपा उपाय सांगितला होता : प्लगमधली अर्थची तार काढून टाक. तो स्क्रू सैल करणार, तेवढ्यात आम्ही त्याचा हात धरला. ती तार आवाजासाठी नसते, जिवासाठी असते. ट्रान्सफॉर्मरचे आवरण फाटून २३० व्होल्ट चॅसीवर आले, तर तिच्यातून मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. ती नसेल, तर पहिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाट निघते. म्हणून ती स्वतंत्र स्क्रूने घट्ट आवळावी. नुसत्या डागावर विसंबू नये. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचा डाग १८३ अंश सेल्सिअसला वितळतो.

वर्गात मात्र असा संच उघडू नये. बंद केल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट साठून असतात. त्याऐवजी दीड व्होल्टचा सेल, विजेरीचा बल्ब आणि मीटरभर बारीक तांब्याची तार घ्या. बल्ब पेटवा आणि त्या तारेच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावा. काही मिलिव्होल्ट दिसतील. मग मुलांना विचारा : यातले शून्य कोणते?