माराकानाची शांतता

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. विश्वचषक आला की आमच्या पेठांमध्ये गल्लीच्या एका तोंडाला ब्राझीलचा झेंडा लागतो, दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिनाचा. त्या देशांत आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलेलं नसतं. तरी त्यांच्यासाठी आम्ही रात्र रात्र जागतो, भांडतो, दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलत नाही. शाळकरी वयात मी गल्लीच्या संघाचा गोलकीपर होतो. त्यामुळंच असेल, पण जगातल्या सगळ्या मैदानांमध्ये मला एकच मैदान पुन्हा पुन्हा आठवतं. ते म्हणजे रिओ द जानेरोचं माराकाना.

माराकाना हे नाव मुळात पोपटाच्या जातीतल्या एका पक्ष्याचं. त्या पक्ष्यावरून तिथल्या नदीला नाव पडलं आणि नदीवरून मैदानाला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपातली शहरं ढिगाऱ्याखाली होती आणि १९५० चा विश्वचषक ब्राझीलच्या वाट्याला आला. रिओमध्ये मोठं स्टेडियम बांधायचं ठरलं. पण कुठं? इथं वाद पेटला. कार्लोस लासेर्दा या राजकारण्याचं म्हणणं, शहराबाहेर लांब जाकारेपाग्वाला बांधा. मारिओ फिल्यो नावाचा क्रीडापत्रकार हट्टाला पेटला, की नाही, जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, शहराच्या पोटातच बांधा. आपल्या वर्तमानपत्रातून त्यानं ही बाजू लावून धरली आणि शेवटी त्याचंच खरं झालं.

या मारिओ फिल्योनं १९४७ साली ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर पुस्तक लिहिलं होतं. एके काळी बड्या क्लबांमध्ये काळ्या आणि गरीब पोरांना प्रवेश नव्हता. ती दारं कशी उघडली, याची ती कहाणी. १९६६ मध्ये तो वारला. त्यानंतर स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं. कागदोपत्री आजही ते ‘पत्रकार मारिओ फिल्यो स्टेडियम’च आहे. एका पत्रकाराचं नाव एवढ्या मोठ्या वास्तूला मिळावं, याचं मला लिहिणारा माणूस म्हणून फार अप्रूप वाटतं.

पायाभरणी झाली ती २ ऑगस्ट १९४८ ला. दोन वर्षांत काम पुरं होणं कठीणच होतं. १६ जून १९५० ला रिओ आणि साओ पावलो यांच्या संघांत पहिला सामना झाला, तेव्हा बरंच काम बाकी होतं. पहिला गोल रिओच्या दिदीनं केला, सामना मात्र साओ पावलोनं जिंकला. लंबगोल आकार, वर दोन मजली गॅलऱ्या आणि अगदी खाली, मैदानाच्या कडेला ‘जेराल’. जेराल म्हणजे उभ्यानं बघायची जागा. तिकीट सगळ्यात स्वस्त. तिथून खेळाडूंचे पायच जास्त दिसायचे आणि पाऊस आला तर डोक्यावर घ्यायचा. पण हमाल, गवंडी, फेरीवाला असा कुणीही तिथं येऊ शकत होता.

त्या विश्वचषकाच्या गटवारीत भारताचंही नाव होतं, इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्यासोबत. आपला संघ गेला मात्र नाही. बूट घालायची सक्ती होती म्हणून गेले नाहीत, ही गोष्ट लोकप्रिय असली, तरी खरं कारण एवढं सोपं नव्हतं. तेव्हाच्या आपल्या फुटबॉल संघटनेला ऑलिंपिकपुढं विश्वचषकाचं महत्त्व वाटलं नाही.

मग उजाडला १६ जुलै १९५०. त्या वर्षी रीतसर अंतिम सामना नव्हता, शेवटच्या चार संघांची साखळी होती. ब्राझीलनं स्वीडनला ७-१ नं आणि स्पेनला ६-१ नं धुतलं होतं. उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली तरी ब्राझील जगज्जेता. रिओच्या एका वर्तमानपत्रानं सामन्याच्या आधीच ब्राझीलच्या संघाचा फोटो जगज्जेते म्हणून छापून टाकला. तिकीट काढून आत गेलेले लोकच १,७३,८५० होते. एकूण गर्दी दोन लाखांच्या घरात होती, असं सांगतात. त्या वेळी रिओची लोकवस्ती सुमारे २४ लाख. म्हणजे दर बारा-चौदा माणसांमागं एक जण त्या मैदानात होता!

मध्यंतरानंतर लगेच फ्रियासानं ब्राझीलचा गोल केला. ६६ व्या मिनिटाला स्कियाफिनोनं बरोबरी साधली. तरीही चषक ब्राझीलचाच होता. ७९ व्या मिनिटाला उरुग्वेचा गिगिया उजव्या बाजूनं चेंडू घेऊन घुसला. पहिल्या गोलच्या वेळी त्यानं चेंडू मध्ये दिला होता. आताही तो तसाच देणार, या अंदाजानं गोलकीपर बार्बोसा किंचित पुढं सरकला. गिगियानं थेट मारला. खांब आणि गोलकीपर यांच्या मधल्या फटीतून चेंडू आत.

आणि दोन लाख माणसं गप्प झाली. गिगिया पुढं म्हणायचा, की माराकानाला गप्प करणारे तिघंच, पोप, गायक फ्रँक सिनात्रा आणि मी.

त्या पराभवानं ब्राझीलनं आपला पांढरा सदरा टाकून दिला. नव्या पोशाखासाठी १९५३ मध्ये स्पर्धा झाली आणि आज जगभर ओळखला जाणारा पिवळा सदरा जन्माला आला. सदरा बदलता आला. पण दोष कुणाच्या तरी अंगावर टाकायचा होता. तो सगळ्यात जास्त पडला बार्बोसा, बिगोद आणि जुव्हेनाल यांच्यावर. तिघंही कृष्णवर्णीय. ज्या मैदानाला पुढं मारिओ फिल्योचं नाव मिळालं, त्याच मैदानावर हे घडलं. बार्बोसा २००० साली वारला, तोवर पन्नास वर्षं तो गोल त्याच्या मागं लागला होता. माझ्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं तो म्हणायचा. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतलं नाही.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. पंधराव्या वर्षी मीही एका महत्त्वाच्या सामन्यात सोपा गोल खाल्ला होता. मैदानाबाहेर येताना मागून कुणी तरी म्हणालं, ‘आपला असता तर अडवला असता.’ कोण बोललं, हे मी वळून बघितलं नाही. संध्याकाळी तालमीतल्या वस्तादांनी जवळ बसवून घेतलं. म्हणाले, ‘दहा जणांना चुकवून बॉल तुझ्यापर्यंत आला, पोरा.’ तेवढ्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी खेळायला गेलो. बार्बोसाला असे वस्ताद किती भेटले असतील?

माराकानानं पुढं खूप पाहिलं. १९६९ मध्ये पेलेनं इथंच आपला हजारावा गोल केला आणि गरीब मुलांची आठवण काढली. १९९२ मध्ये गॅलरीचा कठडा तुटून तीन जण दगावले. २००५ मध्ये जेराल कायमचं बंद झालं. २०१४ च्या विश्वचषकासाठी सगळं नव्यानं बांधलं. आता सुमारे ७८ हजार खुर्च्या आहेत, वर छत आहे. खुर्चीमुळं जीव सुरक्षित झाला, हे खरंच. पण उभ्यानं बघणाऱ्या त्या हमालाची जागा गेली, हेही तितकंच खरं.

२० ऑगस्ट २०१६ ला याच मैदानावर ऑलिंपिकचं सुवर्णपदक पेनल्टींवर ठरलं. ब्राझीलचा गोलकीपर वेव्हर्टननं जर्मनीची पाचवी पेनल्टी अडवली, मग नेमारनं गोल केला आणि माराकाना नाचलं. बार्बोसाला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

आजही आमच्या गल्लीतली पोरं हरून आली आणि गोलकीपरवर ओरडायला लागली, की मी त्यांना कट्ट्यावर बसवून बार्बोसाची गोष्ट सांगतो. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादा म्हणतो, ‘चाचा, उद्या परत तोच उभा राहील गोलमध्ये.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)