सुवा सरोवराचें हिमदप्तर

जुने कागद जमविणारांची दृष्टि बहुधा सनदा, महजर व मोहिमा यांवर असते. पाऊसपाण्याचा मजकूर नक्कल करतांना गाळला जातो. आमच्याहि हातून हें घडलें आहे. म्हणून जपानांतील सुवा सरोवराचें उदाहरण येथें देतों.

हिंवाळ्यांत हें सरोवर गोठलें म्हणजे हिमाच्या थरास भेगा पडून त्यांच्या कडा उंच उठतात. एका तीरावरील देव दुसऱ्या तीरावरील देवीच्या भेटीस या वाटेनें जातो, अशी तेथील श्रद्धा. त्यामुळें देवळाचे पुजारी इ. स. १४४३ पासून त्याची नोंद ठेवीत आले. पहिल्या अडीचशें वर्षांत सरोवर न गोठल्याचीं सालें अवघीं ३. पुढें १९५५ ते २००४ या ५० वर्षांत अशीं सालें १२, आणि २००५ ते २०१४ या दहांत ५. लिहिणारांस हवामानशास्त्राचा गंध नव्हता. आमच्या मतें याहून निःपक्षपाती साक्षीदार मिळणें कठीण.

कोळसा व खनिज तेल जाळल्यानें कर्बाम्ल वायु वाढून उष्णता कोंडते, हें कारण आतां निर्विवाद आहे. राष्ट्रांनीं १९९२ त रिओ येथें, १९९७ त क्योटो येथें व २०१५ त पॅरिस येथें करार केले. उद्योगपूर्व काळाहून तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खालीं ठेवावी, शक्यतों १.५ अंशांवर रोखावी, असें पॅरिसला ठरलें. परंतु तापमापकाच्या विस्तृत नोंदी १८५० च्या सुमारापासूनच्या. त्यामागील काळासाठीं वृक्षांचीं वलयें व असलीं दप्तरेंच धुंडाळावीं लागतात.

ज्यांचे संग्रहीं पाऊस, महापूर वा धान्याची धारण यांचा तिथिवार मजकूर असेल, त्यांनीं नकलेंत तो गाळूं नये व शक, तिथि मूळाबरहुकूम ठेवावी.