घोट्याचा तिरपेपणा : निदान, उपचार आणि सांकेतिक क्रमांक

घोटा हा शरीराचा भार पेलणारा लहानसा सांधा आहे. पाठीमागून पाहिल्यास नडगी आणि टाच जवळजवळ एका रेषेत दिसतात. टाच बाहेरच्या बाजूला कलली तर त्या व्यंगास ‘व्हॅल्गस’, आतल्या बाजूला कलली तर ‘व्हेरस’ म्हणतात. असा सांधा एकाच बाजूवर भार घेऊ लागतो आणि तेथील कूर्चा झिजते. चप्पल एकाच कडेने झिजणे किंवा पाय वारंवार मुरगळणे, ही लक्षणे म्हणूनच दुर्लक्षू नयेत.

कारणे

वाकडे जुळलेले हाड, बालपणी वाढीच्या पट्टीला झालेली इजा, पोलिओ, मेंदूचा पक्षाघात, आमवात ही प्रमुख कारणे होत. पायाची कमान तोलणारी कंडरा सैल पडल्यास टाच बाहेर कलते. मधुमेहात पायाची संवेदना गेल्यास सांधा नकळत खचू शकतो.

निदान

अस्थिरोगतज्ज्ञ रुग्णाला उभे करून, चालवून आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहावयास सांगून तपासतात. टाच हाताने सरळ करता येते की ती ताठरली आहे, हे पाहणे महत्त्वाचे असते. एक्स-रे उभ्या स्थितीतच काढावा. झोपून काढल्यास भाराखालचा खरा कोन कळत नाही. नडगीच्या खालच्या टोकाचा बाहेरील कोन साधारणपणे ८९ अंश असतो.

उपचार

व्यंग लवचिक असल्यास बुटातील आधार, पट्टे आणि व्यायाम यांनी आराम मिळतो. मात्र हाडाचा वाकडेपणा त्यांनी जात नाही. वाढत्या मुलांमध्ये वाढीची पट्टी एका बाजूने स्क्रूने रोखून कोन हळूहळू सुधारता येतो. प्रौढांमध्ये घोट्याच्या वर हाड कापून सरळ बसवितात. गुंतागुंतीच्या व्यंगात इलिझारोव्ह पद्धतीची बाह्य चौकट वापरतात. सांधा पूर्ण झिजल्यास तो जोडून टाकणे किंवा कृत्रिम सांधा बसविणे हे पर्याय उरतात.

सांकेतिक क्रमांक

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात नंतर उद्भवलेल्या व्हॅल्गससाठी एम २१.० आणि व्हेरससाठी एम २१.१ हे क्रमांक आहेत. जन्मजात व्यंग क्यू ६६ मध्ये, तर वाकडे जुळलेले हाड एम ८४.० मध्ये मोडते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आवृत्तीत बाजूही नोंदवावी लागते : उजव्या घोट्याचा व्हॅल्गस एम २१.०७१, डाव्याचा एम २१.०७२, व्हेरससाठी अनुक्रमे एम २१.१७१ आणि एम २१.१७२.

भारतातही आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने आयसीडी-१० क्रमांक भरावयाचा असतो. जन्मजात व्यंगांबाबत अनेक पॉलिसींच्या अटी वेगळ्या असल्याने, अपघातानंतरच्या व्यंगावर जन्मजात असा शिक्का बसल्यास दावा अडकू शकतो. रुग्णालय सोडताना कागदपत्रांवर बाजू, दिशा आणि कारण या तीनही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत का, हे पाहून घ्यावे.