मदेराचे पाट आणि पाटाकडेच्या वाटा

मोरोक्कोच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात पोर्तुगालचे मदेरा बेट आहे. त्याची लांबी सुमारे ५७ किलोमीटर आणि रुंदी २२ किलोमीटर. ज्वालामुखीतून घडलेले येथील डोंगर थेट समुद्रातून वर चढतात आणि पिको रुइवो हे सर्वांत उंच शिखर १८६२ मीटरपर्यंत पोहोचते. डोंगर पायी तुडवणाऱ्यांचे हे आवडते बेट आहे. त्यांच्या पायाखालच्या बऱ्याचशा वाटा पाण्याच्या पाटांना बिलगून जातात. या पाटांना तेथे लेवाडा म्हणतात आणि बेटाचा सहाशे वर्षांचा इतिहास त्यांच्याभोवती गुंफलेला आहे.

ईशान्येकडून येणारे वारे आपले बाष्प उत्तरेच्या उतारांवर सोडतात. तेथील लॉरेल वृक्षांचे सदाहरित जंगल धुके पानांवर झेलते. ते पाणी सच्छिद्र खडकात मुरते आणि खालच्या घट्ट थरावर अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. दक्षिणेकडे मात्र ऊन भरपूर आणि पाऊस कमी. पिकाला ऊब दक्षिणेत आणि पाणी उत्तरेत, ही या बेटाची मूळ अडचण होती.

१४१९ मध्ये झुआंव गोन्साल्विश झार्कू आणि त्रिश्तांव वाझ तेशेरा हे पोर्तुगीज दर्यावर्दी येथे उतरले. पुढच्या काही वर्षांतच वसाहत सुरू झाली. जंगल तोडून, जाळून जमीन मोकळी केली गेली आणि उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मदेराची साखर युरोपभर जात होती. उसाला पाणी हवे आणि घाण्यालाही पाण्याचाच जोर हवा, म्हणून पाट खोदले गेले. या कष्टात आफ्रिकेतून आणि कॅनरी बेटांवरून धरून आणलेल्या गुलामांचा मोठा वाटा होता. पुढे ब्राझीलच्या स्वस्त साखरेने येथील उसाचा बाजार उठवला आणि द्राक्षमळे वाढले. हिंदुस्थानकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे बेटावर थांबून वाइनची पिंपे भरून घेत. उष्ण समुद्रातल्या लांब प्रवासाने या वाइनची चव सुधारते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले आणि मदेरा वाइनची कीर्ती आणखी वाढली.

पाट डोंगराच्या अंगाने वळणे घेत, अगदी मंद उताराने जातो. उतार जास्त झाला तर पाणी काठ खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. जेथे सरळ कडा आडवा येई, तेथे मजुरांना दोरांनी टांगलेल्या टोपल्यांत बसवून खडक फोडायला लावत. कड्याला वळसा घालणे शक्य नसेल तेथे हातांनी बोगदे खोदले जात. पाटाच्या कडेची अरुंद वाट देखरेखीसाठी होती. तिच्यावरून फिरणारा पाटकरी, म्हणजे लेवादेरू, पालापाचोळा आणि दरडीची माती काढी, दारे उघडून ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी सोडी. पाळी तासांवर मोजली जाई आणि रात्रीही येई. कित्येक ठिकाणी पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा असे. तो विकता येई आणि वारशानेही मिळे.

एकोणिसाव्या शतकात राबासाल परिसरातले पाणी बोगद्यातून दक्षिणेकडच्या कल्येताच्या शेतांवर आणले गेले. विसाव्या शतकात सरकारने सूत्रे हाती घेतली. १९४३ मध्ये त्यासाठी जल-आयोग नेमला गेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत लांब पल्ल्याचे नवे पाट व जलविद्युत केंद्रे उभी राहिली. एकच पाणी आधी वीज देऊ लागले, मग शेत भिजवू लागले. पण पिढीजात हक्कांवर सरकारी ताबा आला, तेव्हा विरोधही झाला. पोंता दु सोल येथील लोंबादामध्ये शेतकऱ्यांनी आपल्या पाटासाठी लढा दिला. १९६२ मध्ये त्या संघर्षात एका तरुण मुलीचा जीव गेला.

पाहुण्यांची ये-जा जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात क्षयाचे रुग्ण हवापालटासाठी येत. सधन प्रवाशांना झोळीत बसवून हमाल डोंगरावर नेत. १९६४ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि त्यानंतर पायी फिरणाऱ्यांची संख्या वाढत गेली. १९९९ मध्ये युनेस्कोने लॉरेलच्या जंगलाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता प्रमुख वाटांवर खुणा आहेत, धोक्याच्या जागी कठडे आहेत आणि अनेक वाटांसाठी बाहेरच्यांकडून शुल्क घेतले जाते.

तरीही लेवाडा हे आजही शेतीचे आणि विजेचे साधन आहे. केळी, ऊस आणि द्राक्षे त्याच पाण्यावर पिकतात. दरड कोसळली की आधी पाट मोकळा करावा लागतो. या वाटेने जाणाऱ्याने पाटात काही टाकू नये, दारांना हात लावू नये आणि समोरून पाटकरी आला तर बाजूला होऊन त्याला वाट द्यावी. वाटेवर पहिला हक्क त्याचा आहे.